दार वाजवलं, पण थांबलात का? लॉज, रिसॉर्ट, विश्रामगृहांतले अनुभव

मागच्या मे महिन्यात कामासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन दिवस मुक्काम पडला. लॉज बसस्टँडसमोर, खोली वरच्या मजल्यावर. गॅलरीकडे खिडकी आणि खिडकीत कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली घेताना गादी-चादर नंतर बघतात, आधी कूलर लावून बघतात. मीही तेच केलं. पण कूलरला दिवसातून दोनदा तरी पाणी लागतं आणि ते भरणारा माणूस गॅलरीतून येतो, हे डोक्यातच आलं नाही. कूलर आणि चौकटीच्या मध्ये वीतभर फट होती, तिथे पुठ्ठा खोचलेला. दुपारी आंघोळ करून बाहेर आले, केस पुसत होते, तेवढ्यात पुठ्ठा सरकला. आधी पाइप धरलेला हात आत आला, मग चेहरा. १८-१९ वर्षांचा मुलगा. तो माझ्याहून जास्त घाबरला. "पाणी भरून राह्यलो होतो मॅडम," एवढंच बोलला आणि पाइप तिथेच टाकून पळाला. पाणी गॅलरीभर वाहत राहिलं.

खाली सांगायला गेले तर मॅनेजर म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो." पोरगा चांगलाच होता. कूलरची बाहेरची जाळी गंजून पक्की बसलेली, म्हणून तो बिचारा फटीतून पाइप घालत होता. मी एवढंच मागितलं, की पाणी सकाळी आठला आणि दुपारी चारला भरा आणि वर येताना आवाज द्या. दुसऱ्या दिवसापासून जिन्यातूनच हाक यायची, "कूलरचं पाणीऽऽ". मी "भर रे दादा" म्हणेपर्यंत तो पायरीवर उभा असायचा.

मला त्यात गावाकडचीच रीत दिसली. आपल्या खेड्यात दार वाजवायची पद्धतच नाही, कारण दिवसा दार बंदच नसतं. येणारा अंगणातून आवाज देतो, खाकरतो, आतून "या" आल्याशिवाय ओसरी ओलांडत नाही. हॉटेलातही शिकवतात तेच: वाजवा, कोण आलंय ते सांगा, थांबा, पुन्हा वाजवा, मग दार थोडंसं उघडून परत विचारा. वाजवतात सगळेच. थांबणं मात्र मधल्या मध्ये गळून पडतं.

तुमचे अनुभव लिहा. पाहुणे म्हणून राहिलेल्यांनी लिहाच, पण खोल्या आवरणाऱ्यांनी आणि लॉज चालवणाऱ्यांनीही लिहा. जागेचं नाव नको. एका तक्रारीवर कुणाची नोकरी जायला नको.

मोहर्लीच्या बाजूने, रिसॉर्टमध्ये खोल्या आवरते (मावशी सांगते आहे, मी भाची लिहिते आहे)

आमच्याकडे पाहुणे पहाटे पाचला जिप्सीत बसतात अन् दहा-साडेदहाले येतात. तेवढ्यात खोली करून घ्यायची. मंगळवारी ताडोबाच्या कोअरची, म्हणजे आतल्या जंगलाची सफारी नसते, त्या दिवशी लोकं उशिरापर्यंत झोपतात, दाराले 'त्रास देऊ नका'ची पाटी लटकवतात. पाटी असली की मी दाराले हात लावत नाही. पण पाटी लटकवून लोकं इसरतात अन् संध्याकाळी म्हणतात, खोली काहून नाही झाडली? मग बोलणे आम्हालेच.

मले पहिल्या दिवशी शिकवलं का दार वाजवल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. मी अजून मोजते. आत गेल्यावर मोबाईल, कागद, चष्मा, औषधाची गोळी, कशाले हात लावायचा नाही. जमिनीवर पडलेली गोळी बी टाकत नाही, टेबलावर ठेवते. उशीवर पैसे दिसले तर घेत नाही. तुम्ही आमच्यासाठीच ठेवले का इसरले, आम्हाले कसं कळन? हातात द्या नाहीतर चिठ्ठी ठेवा.

एक गोष्ट बायांले सांगायची आहे. मागं एका पोरीची पाळी आली असन, चादरीले डाग लागला. तिनं रात्रीच गिझरचं गरम पाणी घेऊन चादर धुतली अन् ओलीच पलंगाखाली कोंबून ठेवली. सकाळी माह्या समोर मान खाली घालून उभी. मले लय वाईट वाटलं. बाई, आम्ही बी बायाच आहो. तुम्ही धुऊ नका, नुसती घडी करून कोपऱ्यात ठेवा. गरम पाण्यानं तो डाग पक्का बसते, आम्ही थंड्या पाण्यात भिजू घालतो. कोणाले सांगत बी नाही.

अन् दुसरं. काही माणसं टॉवेल गुंडाळून दार उघडतात, म्हणतात या, करून घ्या साफ. आम्ही जात नाही. आता आम्ही दोघी दोघी फिरतो, दार सताड उघडं ठेवतो, ट्रॉली दारात आडवी लावतो. तुमच्या खोलीत तुमची लाज आहे, तशी आमची बी आहे.

(मावशी, तुम्ही हे सांगितलंत म्हणून मनापासून आभार. चादरीचं वाचून मला माझेच दोन प्रसंग आठवले. तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.)

वर्धा जिल्हा, निवृत्त शिक्षक

आपण थांबण्याबद्दल लिहिलंत ते पटलं, पण माझी अडचण वेगळी आहे. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने मशीन लावलं तरच येतं. झोपताना मशीन काढून डबीत ठेवतो. आतून कडी लावत नाही, कारण ७४ वर्षं वय आहे, रात्री काही झालं तर दार तोडायला नको, असं मुलाचं म्हणणं. पुतणीच्या लग्नाला गेलो असताना सकाळी लॉजवरचा मुलगा चहा घेऊन आला. त्याने वाजवलं, थांबला, "काकाजी" म्हणून हाका मारल्या, परत थांबला. सगळं रीतसर केलं. शेवटी त्याला काळजी वाटली, त्याने खालून चावी आणून दार उघडलं. मी धोतर नेसत होतो. त्याच्या हातातला कप थरथरला. मी त्याच्यावर ओरडलो, वऱ्हाड्यांदेखत ओरडलो, आणि मशीन लावल्यावर बाहेरच्या लोकांनी सांगितलं की तो पाच मिनिटं दारात उभा होता.

त्याची मी माफी मागितली. तेव्हापासून जिथे जातो तिथे एक जाड कागद सोबत नेतो: "मला ऐकू येत नाही, मोबाईल लावा." तो दाराच्या कडीला दोऱ्याने बांधतो आणि फोन थरथराटावर टाकून उशीखाली ठेवतो. खोली घेतानाच काउंटरवर सांगतो. सांगायला आधी कमीपणा वाटायचा.

लोणारच्या अलीकडे, हमरस्त्यावर लॉज चालवतो

पाहुण्याला एकांत पाहिजे हे मान्य. आमची बाजूही ऐका. दुपारी बारा वाजले, आतून आवाज नाही, फोन उचलत नाही, आणि माणूस एकटाच आलेला असला की आमच्या पोटात गोळा येतो. लॉजवाल्याला ही भीती कायम असते, की आत कुणी काही बरंवाईट तर करून घेतलं नसेल. दोन वर्षांपूर्वी असंच एक दार आम्ही तोडलं. आतल्या पाहुण्याची साखर एकदम खाली गेली होती, घामाने भिजून पडलेला. ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाइन लावली, माणूस वाचला. त्या दिवशी मी "पाटी आहे, राहू द्या" म्हणत बसलो असतो तर?

म्हणून आमचा नियम असा: पाटी असली तरी दिवसातून एकदा फोनवर आवाज ऐकायचा. दार नाही, फक्त आवाज. "बरं आहे ना साहेब?" एवढंच.

ओळखपत्राबद्दल लोक फार चिडतात. रजिस्टर ठेवावंच लागतं. लोणारचं सरोवर बघायला परदेशी अभ्यासक येतात, त्यांची माहिती सरकारकडे २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. पण आधारची झेरॉक्स मागायची आणि तो गठ्ठा काउंटरखाली उघडा पडू द्यायचा, ही चूक माझ्याकडूनही वर्षानुवर्षं झाली. एकदा शेजारच्या भेळवाल्याच्या गाडीवर पुडी बांधलेली बघितली, तिच्यावर माझ्याच पाहुण्याचा फोटो. रद्दीत आमच्या पोराने टाकलेली झेरॉक्स. त्या रात्री झोप लागली नाही. आता मी लोकांना स्वतःहून सांगतो, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार काढता येतं, ते द्या, नाहीतर मतदार कार्ड किंवा लायसन्स द्या. जुन्या झेरॉक्स फाडून जाळतो.

(हे कबूल करायला हिंमत लागते, भाऊ. मी आजवर किती काउंटरवर मुकाट्याने झेरॉक्स देऊन आले, मोजता येणार नाही.)

गडचिरोली जिल्ह्यात फिरतीची नोकरी

सरकारी विश्रामगृह, तीन दिवसांचं आरक्षण, पावती हातात. दुसऱ्या दिवशी पाड्यावरून संध्याकाळी परतले तर माझ्या खोलीत दुसऱ्याच कुणाची बॅग. मोठे साहेब अचानक आले होते, म्हणून मला मागच्या खोलीत हलवलं होतं. सामान आधीच तिथे नेऊन ठेवलेलं. मला पहिला प्रश्न पडला तो न्हाणीघरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा. ते कुणी काढले?

मी काही विचारायच्या आधीच चौकीदार काका पुढे आले. म्हणाले, "ताई, सामानाला मी हात नाही लावला. बायकोला घरून बोलावलं, तिनं भरलं." बॅग उघडली तर कपडे वेगळ्या पिशवीत घडी करून, वर माझाच टॉवेल झाकलेला. कंगवा आणि टिकल्यांचं पाकीट रुमालात बांधलेलं. मला न विचारता खोली हलवणाऱ्यांवरचा राग अजून गेला नाही, लेखी तक्रारही केली, उत्तर आलं नाही. पण त्या काकूंना मी नंतर मुद्दाम भेटून आले.

चिखलदरा

लग्नानंतर दोन दिवस गेलो होतो. पहाटे पावणेसहाला दार धडाधड. उठून बघतो तर चहाची किटली. आम्ही सांगितला नव्हता. "सगळेच सूर्योदय बघायला उठतात ना." दुसऱ्या दिवशी बाहेरून कडी वाजली तेव्हा ओरडून नको म्हटलं, तर गॅलरीत माकडं होती. त्याआधी काउंटरवर लग्नाचा दाखला मागितलेला. हिच्या हातावरची मेंदी अजून ओली म्हणावी इतकी ताजी. तिला तेव्हा रडू फुटलं होतं, ते मला विसरता येत नाही. असा दाखला मागता येतो का?

अमरावती, वकिली करते

दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला मनाई करणारा कायदा आपल्या देशात नाही, लग्न झालेलं असो वा नसो. ओळखपत्र मागता येतं. दाखल्याची सक्ती हा त्या त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो, कायदा म्हणून तो सांगितला तर ऐकून घेऊ नका. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण लिहिते, ओळख पटणार नाही इतपतच. जुन्या लॉजमध्ये न्हाणीघराचा झरोका पॅसेजमध्ये उघडतो. मुलगी आंघोळीला गेली, वर बघते तर झरोक्याच्या कडेला मोबाईलची काच. तिने पाण्याचा मग फेकला, फोन पलीकडे पडला, पळणाऱ्या पावलांचा आवाज आला. आई म्हणाली गाजावाजा नको, मुलीचं लग्न व्हायचंय. मुलगी ऐकली नाही. हा गुन्हा आहे. २०१३ पासून भारतीय दंड संहितेत ३५४-क म्हणून होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येतो. स्त्री खाजगी अवस्थेत असताना तिला चोरून बघणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे, चित्रण व्हायलाच पाहिजे असं नाही. लपवलेला मोबाईल किंवा कॅमेरा आढळला तर तो उचलू नका, आपल्या फोनवर त्याचा फोटो घ्या, ११२ लावा. आणि खोली घेताना झरोका कुठे उघडतो ते आधी बघा. त्यावर वर्तमानपत्र चिकटवायला मागा, ते देतात.

शेगावहून

भक्तनिवासात दरवर्षी उतरतो. सेवेकरी दाराबाहेरून "माउली" म्हणतात आणि थांबतात. इतक्या गर्दीत एकदाही कुणी आत शिरलं नाही. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

गोंदिया जिल्हा, चार वर्षं रूमबॉय होतो

सगळ्यांनी खोलीतल्या माणसाबद्दल लिहिलं. आम्हाला खोली नव्हती. चार पोरं होतो, उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात जिन्याखाली झोपायचो. रात्री एकला बेल वाजली की पाण्याची बाटली घेऊन पळायचं. कपडे बदलायची जागा म्हणजे चादरींचं स्टोअर. तिथे मळक्या चादरींचा ढीग, फिनाइलचे कॅन, आणि एका खिळ्याला आमचे चार शर्ट. कुणालाही टॉवेल लागला की दार ढकलून आत. मालकाची वहिनी एकदा अशीच आली, मी अर्धवट कपड्यात. ती रागावली ती माझ्यावरच.

मी कुणाला उलटून बोललो नाही. पुढच्या पगारातून ४० रुपयांची कडी आणली, स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या सायकलवाल्याकडून मागून आणला आणि स्टोअरच्या दाराला आतून बसवली. पहिल्या दिवशी मालकाने वाजवलं. मी शर्टाची बटणं लावत होतो. म्हटलं, "थांबा मालक." थांबले.