नऊ महिन्यांच्या बाळाचं रक्त काढायचंय: कोल्हापुरात कुठं न्यावं, काय तयारी करावी?

राजारामपुरी_आई
मुलगी ९ महिन्यांची, वजन ७.८ किलो. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) लिहून दिलंय. लॅबला फोन केला तर "सकाळी उपाशीपोटी आणा" म्हणाले. एवढ्याशा लेकराला उपाशी ठेवायचं? बधिर करायचं मलम लावावं का? आणि घरी येऊन रक्त नेणारे बरे, की न्यावं कुठंतरी?

शाहूपुरी_लॅब
ताई, उपाशी अजिबात ठेवू नका. या तिन्हींतल्या एकाही तपासणीला ते लागत नाही. साखरेच्या पेशंटला सांगायचं वाक्य तुम्हाला सांगून टाकलंय. अंगात पाणी कमी असलं की बाळाची शीर चपटी पडते आणि सुई आत जाऊनही रक्त येत नाही. नाचणीसत्त्व, खिमट जे काय देता ते तासभर आधी उरका, नाहीतर रडताना उलटी होते. अंगावरचं दूध मात्र अगदी सुई टोचेपर्यंत चालतं.

रक्त किती लागतं ते ऐका म्हणजे धीर येईल. सीबीसीला जांभळ्या टोपणाच्या छोट्या नळीत अर्धा मिली, बाकी दोन्हींना मिळून लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत एक-दीड मिली. तुमच्या बाळाच्या अंगात सहाशे मिलीच्या आसपास रक्त आहे, त्यातलं दोन मिली म्हणजे काहीच नाही.

छोटी नळी आहे का, हे आधी विचाराच. मोठ्यांच्या दोन मिलीच्या नळीत अर्धाच मिली रक्त घातलं तर आतलं औषध प्रमाणाबाहेर होतं, पेशी आक्रसतात आणि आकडे चुकतात.

सिस्टर_बालरुग्ण
टाचेला टोचून भागेल का, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगते. नुसतं सीबीसी असतं तर टाच चालली असती. फेरिटिन आणि टीएसएचला रक्त जास्त लागतं, मग टाच पिळत बसतात. पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं, पेशी फुटतात, शिवाय दुखतंही जास्त. शिरेतूनच घ्यायला सांगा: हाताच्या पाठीवरची किंवा कोपरातली, २३ नंबरच्या स्काल्प व्हेनने, म्हणजे पंख आणि बारीक नळी असलेल्या सुईनं.

आता घरची तयारी. त्या दिवशी हातापायाला तेल लावू नका. मालिश-न्हाणं आदल्या दिवशी. तेलकट हात धरताना सटकतो, चिकटपट्टी बसत नाही. मनगट्या, बिंदल्या, काळा दोरा घरीच काढा. लॅबमध्ये बाळ रडायला लागल्यावर मनगटी निघता निघत नाही. पुढून उघडणारं झबलं घाला.

हात गरम पाहिजेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत मोपेडवरून रंकाळ्याच्या वाऱ्यातून बाळ आणलं की शिरा दिसेनाशा होतात. कुंची आणि हातमोजे घाला, पोचल्यावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तीन ते पाच मिनिटं हाताला गुंडाळा. फडकं आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते.

राजारामपुरी_आई
आणि मलम? सासूबाई म्हणतात जिभेवर मध लाव, रडणार नाही.

सिस्टर_बालरुग्ण
मध नको. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषानं अंग लुळं पडायचा धोका असतो. घुटीत मध उगाळायची पद्धत आहे आपल्याकडं, तीही याच कारणानं बंद करा. दवाखान्यात २४ टक्के साखरेचं द्रावण असतं, टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर थेंब देतात. ते नर्सनं द्यायचं. अंगावर पीत असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त आधीपासून लावून घ्या. ऐन रडण्यात तोंडात दूध देऊ नका, ठसका लागतो.

मलम, म्हणजे लिडोकेन-प्रिलोकेनचं, कामाचं आहे पण डॉक्टरांना विचारूनच. तीन महिने ते एक वर्ष आणि पाच किलोच्या वर असलेल्या बाळाला एकूण दोन ग्रॅमच्या वर नाही. लावून वर चिकट पारदर्शक पट्टी आणि पूर्ण एक तास. लोक दहा मिनिटं लावतात आणि "काय उपयोग नाही" म्हणतात! टोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पुसा, कारण त्यानं कातडी पांढरी पडते आणि शीर लपते. पट्टी बाळाच्या तोंडात जाणार नाही हे बघा. सल्फाची औषधं चालू असतील तर लावायचं नाही. टाचेला तर ते लागूच पडत नाही. आधीच पॅरासिटामॉल पाजून न्यायचंही काही कारण नाही, सुईच्या दुखण्यावर त्याचा असर होत नाही.

कळंबा_नाका
कुठं न्यावं ते कुणी सांगेना झालंय. 😀 लॅबची पाटी बघू नका, हात बघा. राजारामपुरीत, शाहूपुरीत लॅब भरपूर, पण रोज तान्ह्या बाळांना सलाईन लावणारा हात मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडं रक्त तिथंच काढून नमुना लॅबला पाठवता येतो का, विचारा. सीपीआरला, म्हणजे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, लहान मुलांचा विभाग आहेच. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. घरी येणारा बहुतेक एकटा असतो, हात धरायला दुसरं कोण नाही. या वयाला नकोच.

वेळ साडेदहा-अकराची घ्या. सकाळी सात ते नऊ सगळी गर्दी उपाशीपोटी आलेल्या मोठ्या माणसांची, लॅबवाला घाईत.

शाहूपुरी_लॅब
वरचं सगळं बरोबर. धरण्याबद्दल एवढंच: टेबलावर आडवं दाबून धरू देऊ नका. मांडीवर, छातीला छाती लावून घ्या, तिचा एक हात तुमच्या काखेखालून मागं. दुसरा हात सिस्टर धरेल, कोपराच्या वर आणि खाली. दोन प्रयत्न फसले की थांबवा, दुसऱ्या माणसाला बोलवायला सांगा. त्यात लाजायचं काय?

जांभळी नळी भरल्या भरल्या आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची असते. तशीच ठेवली की गुठळी होते, प्लेटलेट खोट्या कमी येतात आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं. जोरात हलवली तर पेशी फुटतात. नंतर कापूस तीन-चार मिनिटं नुसता दाबा, चोळू नका. छोटी गोल पट्टी लावली तर निघताना काढून टाका, ती तोंडात जाते.

राजारामपुरी_आई
ताप नाही, पण चार दिवसांपासून सर्दी-खोकला आहे. तरी करायचं का?

सिस्टर_बालरुग्ण
डॉक्टरांना आज फोन करा. जंतुसंसर्गात फेरिटिन वर चढतं, लोह कमी असूनही आकडा नॉर्मल दिसतो. लोहासाठीच सांगितलं असेल तर बरी झाल्यावर करा म्हणतील, नाहीतर सोबत सीआरपी (अंगात दाह किंवा संसर्ग आहे का ते दाखवणारी तपासणी) लिहून देतील.

शाहूपुरी_लॅब
आणि फॉर्मवर वय "१ वर्ष" लिहू देऊ नका, "९ महिने" लिहून घ्या. नाहीतर वयाला न जुळणारी, कधी मोठ्यांचीच मर्यादा छापून येते आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के दिसले की समोर लाल खूण. या वयात ते तेवढे असतातच.