प्रोबायोटिकने जीन्स बदलतात का?

मनूची_आई:
लेकीला (वय 9) टायफॉइड झालेला, अँटिबायोटिकचा कोर्स परवा संपला. केमिस्टने प्रोबायोटिकच्या (पोटाला चांगल्या जिवंत बॅक्टेरियांच्या) पुड्या दिल्यात आणि नेमका व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आला की यांनी माणसाचे जीन्स बदलतात. खरंच डीएनए बदलतो का हो? सासूबाई म्हणतात घरचं ताक दे, पुड्या कशाला. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

पेशीवाला:
ताई, डीएनए बदलत नाही, आधी ती काळजी सोडा. बदलतं ते हे, की कुठला जीन चालू राहतो आणि कुठला बंद. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो, गुंडाळी घट्ट असली की तिथला जीन वाचलाच जात नाही. आता आपल्या मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात, आणि हे ब्युटिरेट गुंडाळी घट्ट करणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे बंद असलेले काही जीन्स वाचले जायला लागतात. 2013 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत उंदरांवरचं काम आलं, त्यात ब्युटिरेटमुळे इम्युनिटीला आवर घालणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढल्या, मला तर हे फार सुंदर वाटतं. पण पुडीतले लॅक्टोबॅसिलस स्वतः ब्युटिरेट बनवत नाहीत, ते काम आतड्यात आधीपासून राहणाऱ्यांचं, आणि त्यांना खायला चवळी, मटकी, भाजी, भाकरी लागते. ताप नुकताच गेलाय तर हे सगळं हळूहळू वाढवा.

निशिगंध_७:
वरचं बरोबर, पण माणसांवरचंही सांगते. 2009 मध्ये नेदरलँड्समध्ये निरोगी लोकांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारम देऊन लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासले, तर काही तासांतच जीन्सचं काम बदललेलं दिसलं, आणि तोच बॅक्टेरिया वाढीच्या वेगळ्या टप्प्यातला दिला तर परिणामही वेगळा! म्हणून 'प्रोबायोटिक' असं सरसकट बोलून उपयोग नाही, कुठला स्ट्रेन, म्हणजे त्या बॅक्टेरियाचा नेमका कुठला उपप्रकार, ते बघायचं. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने मोठ्या माणसांना अँटिबायोटिकनंतर 11 स्ट्रेनचं मिश्रण दिलं तर त्यांचे मूळचे बॅक्टेरिया परतायला उलट उशीर झाला. त्यामुळे केमिस्टने दिल्या म्हणून देऊ नका, मुलांच्या डॉक्टरांना पुडी दाखवून विचारा.

पेशीवाला:
हो, पण म्हणून सगळंच फुकट असंही नाही. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना 7 दिवस एक ठरावीक प्लांटारम स्ट्रेन आणि त्याचं खाद्य दिलं, सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर होणारा गंभीर आजार) किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 वर आलं (2017). आपल्याकडच्या गावांतलं काम आहे हे!

मनूची_आई:
खूप आभार दोघांचे. उद्या डॉक्टरांना विचारते. एकच, तिला दही नुसतं आवडत नाही, कढी केली तर?

निशिगंध_७:
उकळली की बॅक्टेरिया मरतात. कढी खुशाल द्या, अंगात ताकद येईल, पण जेवताना वाटीभर ताजं ताक जिरं-मीठ घालून वेगळं द्या, तसं मुलं पितात.