बायकांचा वाचनकट्टा सुरू करतोय, टिकवायचा कसा?

सायली_क: तालुक्याच्या गावी नऊजणी तयार आहेत. पुस्तकाची प्रत एकच, आणि घरून निघायला वेळ मिळणं अवघड. सुरुवात कशी करावी?

ग्रंथसखी: घरी भरवू नका. यजमानीण चहा-पोह्यांत अडकते आणि सासरच्यांच्या कानावर जाईल म्हणून कुणी मोकळं बोलत नाही. सार्वजनिक वाचनालयाची खोली मागा. वार ठरवून टाका, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, ३ ते ४:३०. दर वेळी फोनवर ठरवत बसलात की तिसऱ्या बैठकीला गळती लागते. नऊ हा आकडा उत्तम. बाराच्या पुढे दोघी-तिघीच बोलतात.

जुनी_पानं: एका प्रतीचा प्रश्न असेल तर ताराबाई शिंदेंचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हा बायकांवरच्या अन्यायाविरुद्धचा निबंध घ्या. स्वामित्वहक्क संपलेला आहे, त्यामुळे मूळ मजकुराच्या झेरॉक्स काढता येतात. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र कॉपी करू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो. भाषा जुनी आहे, म्हणून पहिली काही पानं आळीपाळीने मोठ्याने वाचा. ताराबाईंचा त्यातला संताप कानावर पडला की बायका आपणहून बोलू लागतात, हे फार मोलाचं आहे!

सायली_क: आणि वाचून न आलेल्यांचं काय?

ग्रंथसखी: त्यांनी यायचंच. “आवडलं का?” विचारू नका, उत्तर ‘हो’वर संपतं. प्रत्येकीने खूण केलेलं एक वाक्य वाचायचं, दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही. न वाचलेलीने त्यातलंच एखादं निवडावं. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.