विषय: आपल्या शाकाहार मेळाव्यासाठी लातूरहून काय आणता येईल?

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार,

येत्या वसंतात शाकाहार आणि निरोगी राहणीमान या विषयावर इथे परदेशात एक दिवसाचा मेळावा भरवण्याचे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. आपले औशाचे काका सध्या गावी आहेत आणि लातुरात याच विषयावर भरलेला महोत्सव त्यांनी नुकताच पाहिला, असे समजले. काका, आपल्याला उचलण्यासारखे तिथे काय दिसले, ते सवडीने पण सविस्तर लिहावे, ही विनंती.

सचिव

*

सचिवताई आणि मंडळींना नमस्कार,

महोत्सवाला मी दोन दिवस गेलो. पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण प्रवेशद्वाराजवळची मोठी दालने भुकट्या, डबे आणि रंगीत पिशव्यांनीच भरलेली होती. तिथे मी भाकरीचे म्हणून एक बहुधान्य पीठ घेतले. घरी आल्यावर वहिनींनी पिशवीमागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा पहिला घटक गव्हाचे पीठ आणि ज्वारी चौथ्या क्रमांकावर असल्याचे कळले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे त्या पिठात ज्वारी नावापुरतीच होती, हे उघड आहे. माळकरी घरात ज्वारीवर वाढलेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात असे पीठ विकले जावे, याचे मला फार वाईट वाटले. आपल्या मेळाव्यात विक्रीला येणाऱ्या प्रत्येक वस्तूची घटकांची यादी आधी आपण स्वतः वाचावी, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र मी थेट मागच्या बाजूला, महिला बचत गटांच्या चुलींकडे गेलो आणि दुपार उलटेपर्यंत तिथेच थांबलो. एक मावशी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. पीठ त्याच सकाळी दळून आणलेले होते, आणि त्यात उकळत्या आधणाचे पाणी घालून त्या ते तळहाताच्या टाचेने पुष्कळ वेळ रगडत होत्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो ताज्या पिठाची विरी, म्हणजे पीठ बांधून धरण्याचा गुण, आणि गरम पाणी यांतूनच मिळवावा लागतो. पीठ शिळे झाले की विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते. परदेशात आपल्या भाकरी का फुटतात, याचे उत्तर मला इतक्या वर्षांनी तिथे मिळाले. थापलेली भाकरी तव्यावर पडताच मावशींनी ओल्या हाताने वरच्या अंगाला पाणी फिरवले, ते सुकण्याच्या आत ती उलटली, आणि मग तवा उतरवून आरापाशी उभी करताच ती टम्म फुगून तिचा पापुद्रा अलगद सुटला.

सोबत भज्जी होती. ज्यांचे गाव लातूर-धाराशिवकडचे आहे त्यांना वेगळे सांगायला नको, पण इतर सभासदांसाठी लिहितो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, सारा गाव शेतात जातो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि नंतर सर्वांची पंगत बसते. त्या दिवसाची ही भाजी तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, पालक, चुका, गाजर, बोरे असे रानात त्या वेळी जे असेल ते एकत्र शिजवून, चिंच आणि बेसन लावून करतात. तिच्याबरोबर उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, असतात आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील असते. महोत्सवातल्या व्याख्यानात ज्या संतुलित शाकाहारी ताटाचे वर्णन चालले होते, ते मागच्या चुलीवर शिजत होते. मात्र व्याख्यानाच्या मंडपातून तिकडे फारसे कोणी वळले नाही, ही गोष्ट मला खटकली.

म्हणून माझी सूचना अशी की, आपला मेळावा या एकाच ताटाभोवती उभा करावा: ताज्या पिठाची भाकरी, भज्जी, जवसाची चटणी आणि आंबील. प्रत्येक पदार्थ समोर शिजावा आणि लोकांनी तो स्वतःच्या हाताने करून पाहावा.

आणखी एक. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे २०१८ मध्ये आलेले ज्वारीचे वाण लोह आणि जस्त अधिक असावे म्हणून मुद्दाम विकसित केलेले आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष म्हणून आपण साजरे केले, तेव्हा आपल्या भागातल्या या कामाचा उल्लेख राहून गेला होता. तो या वेळी करावा.

आपला,
औशाचा काका

*

काका, नमस्कार,

पत्र वाचून आनंद झाला आणि ताटाच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वैद्यक व्यवसायात असल्याने मात्र तीन गोष्टी जोडतो.

ज्वारी खाल्ल्याने साखर वाढत नाही, हा समज आपल्या मेळाव्यातून पसरू नये. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि साधारण तितकेच तंतू असले, तरी पिष्टमय पदार्थ ६५ ते ७० ग्रॅम असतात. त्यामुळे मधुमेही व्यक्तीने भाकरीसुद्धा मोजूनच खावी. दुसरे असे की, ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. भज्जीतले तूर-हरभऱ्याचे दाणे आणि बेसन ती उणीव भरून काढतात, म्हणून भाकरीबरोबर नुसता ठेचा ठेवून भागणार नाही. जेवणाबरोबर लिंबाची फोड द्यावी, कारण तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर तासभर तरी देऊ नये, तो नेमके उलट करतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम लागते आणि पेलाभर दुधातून त्यातले साधारण १ मिळते. आपल्या मंडळातील जी तरुण मुले दूधही सोडून बसली आहेत, त्यांनी तपासणी करून घ्यावी आणि पूरक गोळी घ्यावी. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या विषयावर बोलायला मी येईन, परंतु व्याख्यान चुलीपाशीच ठेवावे.

*

काका, डॉक्टर, दोघांचेही मनापासून आभार.

सभागृहात उघडा विस्तव चालत नाही, म्हणून भाकरी विजेच्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवून भाजू आणि शेकण्यासाठी जाळी वापरू. आंबिलीचे भांडे आदल्या रात्री उबदार जागी झाकून ठेवावे लागेल. इथल्या थंडीत ती एरवी आंबणार नाही. काका, ते काम आपल्याकडे. पीठ सकाळीच दळायचे आहे, तेव्हा ज्यांच्याकडे घरगुती चक्की आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत मला कळवावे.

सचिव