एम९ वरून एम१० की थेट एम११?

धागाकर्त्यांनी विचारलंय की जुना लायका एम९ कॅमेरा विकून एम१० घ्यावा की थेट एम११. वर सगळी चर्चा रंगांवर आणि मेगापिक्सेलवर चाललीय, पण ते रत्नागिरीचे आहेत हे कुणी लक्षातच घेत नाही. एम९ च्या सीसीडी सेन्सरवरची (चित्र टिपणाऱ्या चिपवरची) काच गंजते हे जगजाहीर आहे, आणि बदली सेन्सरचा पुरवठा लायकाने २०२० मध्येच थांबवला. आपल्या दमट हवेत तो कॅमेरा आणखी सांभाळत बसण्यात अर्थ नाही. विकण्याआधी एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, निरभ्र आकाशाचा फोटो काढून डाग तपासा. जाणकार गिऱ्हाईक तेच विचारणार.

एम९ चा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २५०० ला संपतो, आणि तिथे पोचेपर्यंतच चित्र खरखरीत होतं. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव टिपायचा तर एम१० च घ्या. ६४०० ला बिनधास्त वापरा. व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) जास्त मोठं दाखवतो, एम९ च्या ०.६८ ऐवजी ०.७३ पट, चष्मेवाल्यांनी मात्र आधी डोळा लावून बघावा.

एम११ चे ६० मेगापिक्सेल हलत्या होडीत हाताची थरथरही मोठी करून दाखवतात, थरथर सावरणारं स्थिरीकरण तर कॅमेऱ्यात नाहीच. एम११ ऐवजी एम१० घेऊन उरलेल्या पैशांत ३५ मिमीची चांगली लेन्स येईल. आणि हो, ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्याच. पावसाळ्यात बुरशी लेन्सची किंमत विचारत नाही!