जुन्या फोनला चार दांड्या, नव्याला दोन: रेंज खरंच कमी की नुसती दिसायला?

लसावि:
मंडळी, बॅटरीने मान टाकली म्हणून साडेचार वर्षांनी फोन बदलला. जुना ४जी, नवा ५जी. सिम तेच, इकडून काढलं, तिकडे घातलं. मधल्या खोलीत कपाटाला पाठ लावून मी रोज गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. तिथे जुन्या फोनला कायम चार दांड्या असायच्या. नव्याला दोन, मधूनच एक.

स्पीड टेस्ट मात्र उलटंच सांगते. त्याच खुर्चीत डाउनलोड जुन्यावर २२ एमबीपीएस, नव्यावर ६०. मग खूश व्हायला हवं ना? पण मुलं म्हणतात, "टीचर, तुमचा आवाज तुटतोय." मला त्यांचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, मागे कोण खुर्ची सरकवतंय तेसुद्धा. काल वर्गसमीकरण सोडवताना माझं अर्धं वाक्य हवेत गेलं आणि एकीने दोन उत्तरांपैकी फक्त उणे असलेलं लिहिलं. (तेही बरोबरच, पण दुसरं माझ्या तुटलेल्या वाक्यात होतं.)

कव्हर काढून पाहिलं, फरक शून्य. फोन परत करायची मुदत चार दिवसांत संपतेय. अँटेनाच कमजोर निघाली का?

रात्रपाळी:
आधी दांड्या बघणं सोडा. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियमच नाही, जो तो आपल्या मनाने ठरवतो. २०१० साली आयफोन ४ ठरावीक पद्धतीने हातात धरला की रेंज पडते म्हणून गदारोळ झाला होता, आठवत असेल. तेव्हा ॲपलने स्वतःच कबूल केलं की दांड्या ठरवायचं आमचं सूत्रच चुकीचं आहे, दोन दाखवायला हव्यात तिथे कधीकधी चार दाखवतोय. हाताचा त्रास खरा होताच, पण आधीच्या फुगवलेल्या दांड्यांमुळे घसरण आणखी मोठी दिसायची.

आकडा बघा. अँड्रॉइडवर साधारण सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस. तिथे उणे चिन्हाचा डीबीएम आकडा सापडेल, म्हणजे डेसिबलच्या मापात सिग्नलची ताकद. ४जीला उणे ९० च्या आसपास असेल तर झकास, उणे ११० च्या खाली गेला की ओढाताण, उणे १२० म्हणजे कधीही तुटेल. मोजण्याआधी दोन्ही फोन "फक्त ४जी"वर आणा. नाहीतर एकाचा ४जीचा आकडा आणि दुसऱ्याचा ५जीचा, असली तुलना व्हायची.

फोन टेबलावर ठेवा, हातात नको. आणि एकाच जागेवर विसंबू नका. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम सतरा सेंटीमीटर. भिंतींवर आपटून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारून टाकतात. फोन चार बोटं सरकवला तरी आकडा पाच-सहाने उडतो. पाच जागी मोजा आणि मधला आकडा धरा. तुमचं नाव बघता हे जड जाऊ नये.

खिशातला_टॉवर:
मी याच कारणाने एक फोन परत केला. बदली आलेला तसाच. आता अंगणात उभं राहून बोलतो, शेजाऱ्यांना माझं सगळं माहीत झालंय.

लसावि:
मोजलं. एक सिम दोन फोनांत आलटून पालटून, पाच जागा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून. जुना उणे १०१, नवा उणे १०३. दोनाचा फरक! मी अकरावीला लॉगॅरिदम शिकवते आणि स्वतःच दांड्या मोजत बसले. दोन डेसिबल म्हणजे जुन्याला पोचणारी ताकद नव्याच्या साधारण १.६ पट. ३ डेसिबलला दुप्पट, १० ला दसपट, हे फळ्यावर मीच लिहिते. उणे १०१ ला चार दांड्या देणारा जुना फोन म्हणजे नुसतं नाव लिहिलं तरी पास करणारा परीक्षक.

एक मात्र दिसलं. नव्याचा तळ मुठीत घेतला की आकडा आणखी सहाने घसरतो, म्हणजे ताकद पावच. शिकवताना तो स्टँडवर असतो, त्यामुळे दोष तिथेही नाही.

मग आवाज का तुटतो? अपलोड बघितला तर जुन्यावर ७, नव्यावर ५जीत ०.८, आणि नवाच "फक्त ४जी"वर आणला की ६.

आडवी_अँटेना:
ताई, उत्तर तुम्हीच काढलंत. टॉवर कित्येक वॉट ताकदीने बोलतो, फोनची कमाल साधारण ०.२ वॉट. तो भोंग्यावरून ओरडतो, आपण कुजबुजतो. म्हणून तुम्हाला मुलांची खुर्चीसुद्धा ऐकू येते आणि त्यांना तुम्ही येत नाही.

५जी बऱ्याच ठिकाणी ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. पट्टा रुंद, म्हणून डाउनलोड दणदणीत. पण त्या लहरी भिंतींत लवकर दमतात. ७००-९०० वाल्या आतपर्यंत पोचतात. टॉवरचा आवाज भिंती ओलांडून येतो, तुमची कुजबुज उलट जात नाही. त्यात पुष्कळ नेटवर्कांत फोन ४जी आणि ५जी दोन्ही एकदम धरून ठेवतो, आणि तीच इवलीशी ताकद दोघांत वाटली जाते. अशा नेटवर्कात वरचं ५जीचं चिन्हही फार मनावर घेऊ नका. या टॉवरवर ५जी मिळू शकतं, एवढ्यावरही ते उमटतं.

एक पथ्य: टेस्ट शिकवणीच्याच वेळी घ्या, दोन्हीकडे एकच सर्व्हर ठेवून. गर्दी वाढली की तोच टॉवर सगळ्यांत वाटला जातो, सिग्नलचा आकडा मात्र जागचा हलत नाही. पहाटेचा वेग हा वेग नव्हे.

आणि विचारायचं राहिलं, ते कपाट लाकडी की लोखंडी?

लसावि:
लोखंडी. दारावर आरसा. आणि आत्ता नीट बघितलं तर गच्चीवरून दिसणारा टॉवर बरोबर त्याच्या पाठीमागच्या दिशेला!

कपाट हलवायला दोन धडधाकट माणसं लागतात, म्हणून टेबलच दीड मीटर खिडकीकडे ओढलं. तिथे नवा ४जीवर उणे ९४ दाखवतो. चारची शिकवणी "फक्त ४जी"वर घेतली, अपलोड ९ च्या आसपास राहिला, तासभर कुणी "तुटतोय" म्हणालं नाही. शेवटी ५जी लावून पाहिलं तर तिथेही अपलोड ४ पर्यंत चढला, पण शिकवणीपुरतं ४जीच ठेवणार. फोन परत करत नाहीये.

@खिशातला_टॉवर, तुमच्या घरात कपाट कुठे आहे?