मदत हवी आहे: आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) प्लास्टिकच्या कॅनमधून काढून कशात भरू?

नमस्कार मंडळी, आम्ही मालवणजवळ राहतो. घरात वहिनीला सातवा महिना चालू आहे म्हणून बीपीए, थॅलेट वगैरे प्लास्टिकमधून उतरणारी, हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारी केमिकल्स जमेल तेवढी कमी करतोय. सोपं ते झालंय, म्हणजे गरम सार नि कालवण प्लास्टिकच्या डब्यात घालणं बंद, मायक्रोवेव्हला काचेचं भांडं, लोणचं बरणीत. २० लिटरचा पाण्याचा जार उलटा करून बघितला तर खाली त्रिकोणात ७ आणि पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट, त्यात बीपीए असतं. तो काढला, आता विहिरीचं पाणी उकळून कळशीत.

अडलंय ते आगळाशी. दरवर्षी मे महिन्यात १५ लिटर करतो आणि ते वर्षभर तेलाच्या जुन्या कॅनमध्ये असतं. आंबट नि खारट दोन्ही, त्यात माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळ्यात मरणाचं गरम होतं. कॅनवर खाली २ नंबर आहे, म्हणजे एचडीपीई, त्यात बीपीए नसतं हे माहीत आहे, पण कॅन चारपाच वर्षं जुना, आतून लालभडक झालाय नि ओरखडे पडलेत.

स्टील करून बघितलं, मिठाने तळाला बारीक खड्डे पडले. काचेच्या बाटल्या घेतल्या तर पत्र्याची झाकणं एका पावसाळ्यात गंजून आगळात कीस पडला (आईने ते गाळून वापरलंच, असो). चिनीमातीची मोठी बरणी आहे पण जुनी, ग्लेझला (वरच्या चकचकीत थराला) तडे, त्यात शिसं असेल तर आंबटात उतरणार ही भीती. फ्रीजमध्ये एवढी जागा नाही.

तर काचेच्या बरणीला मिठात टिकणारं झाकण कुठलं, बूच की काचेचंच, नि कुडाळ-सावंतवाडीकडे ५ लिटरच्या तशा बरण्या कुठे मिळतील?